आठ भोकांची करडी पेटी

रविवार, ८ फेब्रुवारी

नाताळात मुलीने ही वही दिली. म्हणाली, "बाबा, नोकरी संपली की तुम्ही घरभर येरझारा घालणार आणि आईचं डोकं खाणार. त्यापेक्षा लिहीत जा." जानेवारीभर येरझारा घातल्या. लिहिण्यासारखं काही घडेचना. आज घडलं.

चर्चच्या सभागृहात जुना बाजार होता. एका टेबलाखाली, फुटक्या दिव्यांच्या मागे, करड्या रंगाची लोखंडी पेटी दिसली. उचलायला गेलो तर वासरासारखी जड. नाव नाही, क्रमांक नाही. नावाचा पत्रा जिथे ठोकलेला असतो तिथे चार रिकामी भोकं. पुढे फिरवायची एक मोठी खुंटी, दोन लहान, आणि काचेआड एक काटा. मागे माइकची एक जागा आणि खाली ओळीने आठ भोकं, प्रत्येकावर एकेक छोटी खुंटी. आत व्हॉल्व्ह आहेत, जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे दिवे, जाळीतून दिसतात. म्हणजे आवाज मोठा करायचं यंत्र, एवढं नक्की. पण कोणाचा आवाज, कोणासाठी?

मी उभा जन्म दुधाच्या डेअरीत शीतयंत्रांच्या खोलीत काढला. कॉम्प्रेसरला नुसता हात लावून त्याचं दुखणं सांगायचो. ही पेटी मात्र काही बोलेना.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून पुसत बसलो. बोडिल नळाखाली बटाटे धूत होती, पाठमोरी. काहीतरी सांगत होती. बायको अलीकडे पुटपुटतेच फार. बुधवार, ऑरहूस, गाठ, येशील का, एवढं कानावर आलं. तिच्या शाळेतल्या मैत्रिणींची गाठभेट असणार, या दिवसांत त्या काहीतरी काढतातच. म्हटलं, "त्यात माझं काय काम? तू जा खुशाल. लिस्बेटला घेऊन जा." लिस्बेट तिची धाकटी बहीण, तिला असल्या गोष्टींची हौस.

बोडिलने नळ बंद केला. मग "बरं" म्हणाली.

बटाटे कच्चे राहिले होते. मी तसेच खाल्ले.

सोमवार, ९ फेब्रुवारी

प्रेबेनला बोलावलं. तो शेजारी राहतो, चर्चच्या गायकवृंदात माझ्या बाजूला उभा असतो, आणि त्याचं पूर्वी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पेटी पाहिल्याबरोबर त्याने डोळे बारीक केले.

"नाचाच्या बँडची असेल," तो म्हणाला.

"आठ भोकं कशाला मग? आठ गवई?"

"तर मग सिनेमागृहातली."

"सिनेमाला माइक लागतो?"

"अरे लेका, तुला माहीत आहे तर मला कशाला बोलावलंस?"

तळाचा पत्रा काढला. हाताने जोडलेल्या तारा, प्रत्येक टाका गुळगुळीत. प्रेबेन भिंग लावून बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, "कारखान्यातलं नाही हे. कोणीतरी जीव लावून केलंय. आणि हे बघ, खालचे सूर मुद्दाम कापलेत. खर्ज सगळा गाळून टाकलाय आणि वरचे सूर चढवलेत. असलं यंत्र कोण शहाणा बनवेल?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं म्हणून मला बरं वाटलं. उत्तर मलाच सापडायला हवं. दिवस भरायला काहीतरी हवंच.

बुधवार, ११ फेब्रुवारी

बोडिल सकाळीच लिस्बेटच्या गाडीतून शहरात, ऑरहूसला गेली. निघताना दारात थांबली, माझ्याकडे पाहत. म्हटलं, "काळजी नको, जेवणाचं मी बघतो." पाव आणि लिव्हरचं सारण होतंच.

आज पेटी चालू केली. इतकी जुनी वस्तू एकदम विजेला जोडली तर आतलं काहीतरी फुटतं, म्हणून प्रेबेनने वाटेत एक बल्ब जोडला. बल्ब आधी भगभगला, मग हळूहळू मंद झाला. व्हॉल्व्ह तांबूस होत गेले. मी श्वास धरून उभा. मग बल्ब काढून सरळ जोडली, रेडिओचा आवाज आत सोडला आणि एका भोकाला प्रेबेनचा लहान कर्णा लावला.

प्रेबेनने कान झाकले. "बंद कर! पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळतायत!"

मला तसं काही वाटलं नाही. उलट बातम्या सांगणारी बाई शब्दन् शब्द स्वच्छ बोलत होती, काचेसारखा. हल्ली रेडिओवरची माणसं तोंडात गोळी ठेवून बोलतात, ही अगदी जुन्या काळातल्यासारखी बोलली. प्रेबेनचे कान गेले बहुतेक.

बोडिल अंधार पडल्यावर आली. मी विचारलं, "मजा आली का?" ती कोट काढता काढता थांबली. मग तो अंगावर तसाच ठेवून वर निघून गेली. मैत्रिणींशी भांडण झालं असेल.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

गायकवृंदाच्या सरावानंतर संचालकबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, या वसंतात जरा विश्रांती घ्या, ईस्टरनंतर बघू. कारण विचारलं तर म्हणतात मी उशिरा उचलतो आणि सूर खाली जातो. चाळिशी उलटायच्या आधीपासून गातोय तिथे! प्रेबेन खाली मान घालून बुटाच्या नाड्या बांधत होता. बराच वेळ लागला त्याला नाड्या बांधायला.

घरी आल्यावर बोडिलला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

ईस्टरच्या उपवासाआधीचा सण. लिस्बेट क्रीमचे गोड पाव घेऊन आली. माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू कुत्र्याला लाथ मारली.

मी अंगणातून लाकडं घेऊन आत आलो तर दोघी स्वयंपाकघरात डोकं जुळवून कुजबुजत होत्या. मला पाहून गप्प. लिस्बेट उठली आणि तोंड माझ्याकडे करून मोठ्याने म्हणाली, "तुझी पेटी बरी आहे ना? तिला काही होत नाही ना?"

हा टोमणा होता. कशाबद्दल, ते कळलं नाही.

"एकटी" हा शब्द मात्र मी ऐकला. बोडिल म्हणाली, एकटी. पुढचं भांड्यांच्या आवाजात गेलं.

रात्रभर तेच डोक्यात. माणूस निवृत्त होऊन घरी बसला की बायका सोडून जातात, डेअरीतल्या दोघांचं तसंच झालं. ऑरहूसला घर बघायला जात असेल का?

मंगळवार, १७ फेब्रुवारी

पेटी कशाची, याचे प्रेबेनचे नवे अंदाज: टेलिफोन शिकवायची शाळा, परकी भाषा शिकवायचा वर्ग, जहाजावरचा बिनतारी कक्ष. माझा अंदाज: लिलावघर. आठ गिऱ्हाइकं, आठ कान.

मनात पेटी नव्हतीच. वरच्या खोलीत बोडिलची लहान बॅग भरून ठेवलेली दिसली.

बुधवार, १८ फेब्रुवारी

पुन्हा ऑरहूस. पुन्हा लिस्बेट.

प्रेबेन कॉफीला आला आणि दारातच म्हणाला, "तू इथे काय करतोयस?"

"म्हणजे? तुझीच वाट बघतोय."

"बुधवार आहे, थॉर्किल."

"मग?"

मी त्याच्या हातात कॉफीचा पेला दिला. मग काहीतरी पुटपुटला, मी मान हलवली, तसा त्याने पेला आपटून ठेवला आणि निघून गेला. म्हणजे बोडिल जाणार हे साऱ्या गावाला माहीत आहे. नवऱ्याला सोडून सगळ्यांना.

संध्याकाळी ती आली तेव्हा चेहरा उतरलेला, डावा हात अंगाशी धरलेला. नवीन कोट काखेत आवळत असेल. मी टेबल मांडलं होतं. ती जेवली नाही. मी पेटी उचलून कोठीत नेली, निदान ती तिच्या डोळ्यांसमोर नको.

विचारावं असं दहादा मनात आलं. पण तिने "हो, जाते आहे" म्हटलं तर? विचारलं नाही तोवर ती गेलेली नसते.

शनिवार, २१ फेब्रुवारी

घरात बसवेना. चर्चच्या सभागृहात गेलो आणि जुना बाजार भरवणाऱ्या बाईंना गाठलं. पेटी कोणी दिली? त्या म्हणाल्या, आस्टा विंथर. तळ्याच्या पलीकडे राहतात, निवृत्त शिक्षिका, ऐंशीच्या पुढे. घरातलं सामान कमी करताहेत.

म्हणजे शाळाच. भाषेचा वर्ग. प्रेबेन जिंकला की काय?

सोमवार, २३ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

पेटी गाडीत घालून आस्टाबाईंकडे गेलो, दारात नाव सांगितलं. ठेंगणी, ताठ, पांढरे केस पोरासारखे कापलेले. पेटी टेबलावर ठेवताच त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"आलीस का परत," त्या पेटीला म्हणाल्या.

"ही कशाची आहे, बाई?"

"टेबलाची. फ्योर्डच्या, म्हणजे खाडीच्या काठी आमची कमी ऐकू येणाऱ्या मुलांची शाळा होती. गोल टेबल, आठ मुलं, आठांच्या डोक्यावर कानावरची यंत्रं. मधे माइक, त्याच्यापुढे मी. आमच्या इथल्या एका मास्तरांनी बनवली ही. ज्याला जेवढं कमी ऐकू येतं तेवढी त्याची खुंटी वर."

"आणि खर्ज का गाळलाय?"

"खर्ज शेवटपर्यंत टिकतो रे. आधी जातात ते वरचे सूर. स, श, फ, त. शब्द ऐकू येतो पण त्याच्या कडा झिजलेल्या. मग मुलं अंदाज बांधतात."

त्या कॉफी करायला उठल्या. मी खिडकीतून तळं बघत होतो. परत येऊन समोर बसल्या आणि माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुझ्या पाठीमागे उभी राहून मी साखर हवी का विचारलं. मग दूध हवं का विचारलं. मग म्हटलं, माझ्याशी लग्न करशील का. त्याला तू मान हलवून 'हो' म्हणालास."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. कपाटातून जुना माइक आणि कानावरचं यंत्र काढलं, यंत्र एका भोकाला जोडलं, माझ्या डोक्यावर चढवलं. स्वतः माइकपुढे बसल्या, ओठांपुढे बशी धरून. एक खुंटी हळूहळू वर केली.

आधी खरखर. मग काहीतरी टिक, टिक. घड्याळ! भिंतीवर घड्याळ होतं, मला वाटलं होतं बंद आहे. मग त्यांच्या बाहीचं कापड टेबलावर घासलं, ते ऐकू आलं. मग बशीमागून त्यांचा आवाज, एकेक अक्षर धार लावल्यासारखं.

"किती वर्षं झाली, थॉर्किल?"

मी ते यंत्र ओढून काढलं. म्हटलं, माझे कान ठणठणीत आहेत, हल्ली लोकच पुटपुटतात.

"असंच म्हणतात सगळे," त्या म्हणाल्या. "मी उभं आयुष्य तुझ्यासारखी मुलं पाहिली. ढ मुलं विचारतात, काय म्हणालात? हुशार मुलं विचारत नाहीत, 'हो' म्हणतात. कशाकशाला हो म्हणालायस, आठवून बघ. आणि जमलं तर जाऊन विचार."

बाईंनी माइक आणि कानावरची यंत्रंही पेटीवर ठेवली. सगळं घेऊन निघालो. नीट निरोपही घेतला नाही. म्हातारी आगाऊ आहे.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आगाऊच आहे. माझ्या कानात शिरून आली होती का? चाळीस वर्षं मशिनांचे आवाज ओळखत आलो.

दुपारी ओव्हनची घंटा वाजते का ते बघायला समोर उभा राहिलो. काटा शून्यावर आला. घंटा वाजली नाही. पुन्हा लावली. वाजली नाही. पेटी जोडली, माइक ओव्हनपुढे धरला, कानावर यंत्र चढवलं.

वाजली. चांगली खणखणीत वाजली.

ही घंटा कधीपासून वाजत होती?

बसून आठवू लागलो. मुलगी फोनवर बोलते आणि मी हो हो म्हणतो. डॉक्टर. संचालकबाई. प्रेबेन पेला आपटण्याआधी जे पुटपुटला ते. आणि नळ. नळाखालचे बटाटे. बुधवार, ऑरहूस, येशील का. मी येणार नाही म्हणालो, पण कुठे?

बुधवार, २५ फेब्रुवारी

ती आज पुन्हा ऑरहूसला गेलेली. मी दिवसभर स्वयंपाकघरात बसून. पेटी टेबलावर, माइक तिच्या खुर्चीसमोर. चार वाजता गाडी आली. लिस्बेट आत यायला निघाली, तेव्हा मी म्हटलं, "लिस्बेट, आज नको." माझा चेहरा पाहून ती मुकाट्याने गेली.

"आता हे काय मांडलंयस?" बोडिलने पेटीकडे बघून विचारलं असावं. ओठांवरून वाटलं.

"बस जरा. तो रविवार आठवतो? मी पेटी आणली तो. तू बटाटे धूत होतीस आणि मला काहीतरी विचारलंस."

तिचा चेहरा दगडासारखा झाला. काहीतरी बोलली. मी कानावर यंत्र चढवलं, खुंटी वर केली आणि माइककडे बोट दाखवलं. "इथे बोल. मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं. मला ऐकू येत नाही, बोडिल."

ती माइकजवळ वाकली. मला तिचा श्वास ऐकू येत होता. तो श्वास कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

मग ती माइकला म्हणाली, "मी म्हणाले, माझ्या छातीत डाव्या बाजूला गाठ लागतेय. बुधवारी ऑरहूसच्या इस्पितळात बोलावलंय. मला भीती वाटते. येशील का?"

त्यावर मी म्हणालो होतो, त्यात माझं काय काम.

"मला वाटलं, मैत्रिणी... गाठभेट..." मी म्हटलं.

"गाठभेट!" ती ओरडली, आणि त्या यंत्रातून ते असं आलं की डोळ्यांत पाणी आलं. "सुई घालून तुकडा काढला त्यांनी. आणि आधी पहिल्याच दिवशी घरी आले तर तू विचारतोस, मजा आली का! मी लिस्बेटला सांगत होते, मरायचं तर एकटीनेच मरायचंय मला, घरात माणूस असूनसुद्धा. तुझी आई इस्पितळात वारली तेव्हापासून तू इस्पितळाच्या वाऱ्याला उभा राहत नाहीस, म्हणून आधी मी तुला माफ केलं. मग नाही केलं. वरच्या खोलीत केव्हाची बॅग भरलेली आहे, ते कधीही ऑपरेशनला बोलावतील म्हणून."

"मला वाटलं तू मला सोडून..."

"येत होतं मनात. कालपर्यंत येत होतं."

मी उठून तिच्याकडे जाऊ लागलो तर कानावरच्या यंत्राची तार ताणली जाऊन पेटीच टेबलाच्या कडेला सरकली. तिने ती धरली. एका हाताने, उजव्या. मग माझ्या डोक्यावरचं यंत्र काढून क्षणभर स्वतःच्या कानाला लावलं आणि लगेच दूर केलं. "ई! कसलं किंचाळतंय हे!" आणि मग कसं कोण जाणे, आम्ही दोघं हसलो, ती रडत रडत.

तिने खटका दाबून पेटी बंद केली. खुर्ची ओढून माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि सावकाश म्हणाली, "आज तारीख मिळाली. नऊ मार्चला ऑपरेशन आहे. आता तू सांग, मी काय म्हणाले."

मी सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

कानाच्या दवाखान्यात नाव घातलं. कानात घालायचं यंत्र मिळायला वेळ लागेल म्हणतात.

प्रेबेनकडे गेलो. म्हटलं, "त्या दिवशी काय म्हणालास पेला आपटण्याआधी?" तो म्हणाला, "बायको मरणाच्या दारात आणि तू डबड्याशी खेळतोस, असं म्हणालो. आणि तू मान हलवलीस, लेका! तुला मारावंसं वाटलं." मी सगळं सांगितलं. मग त्याने मिठी मारली, जोरात. गायकवृंदातून काढण्याआधी त्यानेच संचालकबाईंना सांगितलं होतं की थॉर्किलला ऐकू येत नाही. "तुला सांगायचा धीर झाला नाही," म्हणाला. सगळ्यांनाच माहीत होतं म्हणजे.

रविवार, १ मार्च

झोप नाही. ती झोपते, मी तिच्या तोंडाकडे बघत राहतो, झोपेत काही बोलली तर.

जेवताना पेटी टेबलावर असते. बोडिलला माइकपुढे बोलायचा कंटाळा येतो. "मी काय बातम्या सांगणारी बाई आहे का?" मग बंद करून मी समोर बसतो आणि ओठ बघतो. अर्धं कळतं. जे कळत नाही ते विचारायला अजून जीभ जड होते.

सोमवार, ९ मार्च

ऑरहूस. इस्पितळाच्या दारात शिरताना आईच्या वेळचा तोच वास आला आणि मी उंबऱ्यातच थांबलो. बोडिलने दंड धरला. ऑपरेशन तिचं, आधार मला.

तिला आत नेलं. लिस्बेट शेजारी बसली होती. ती म्हणाली, "चुकलं माझं." मी म्हटलं, "काय?" ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, "काय?" ती वैतागली, मग लक्षात येऊन हसली.

डॉक्टरीणबाई आल्या त्या तोंडाला मुखपट्टी लावूनच बोलू लागल्या. जुना थॉर्किल मान हलवून हो म्हणाला असता. मी म्हटलं, "पट्टी काढा आणि माझ्याकडे बघून बोला, मला कमी ऐकू येतं." शेजारच्या बाकावरचे लोक वळून बघू लागले. बघू देत. बाईंनी पट्टी खाली केली. गाठ काढली, शेजारच्या ग्रंथी दिसायला स्वच्छ आहेत, पक्कं काय ते तपासणीनंतर.

"दिसायला काय?"

"स्वच्छ."

"पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. मी तिसऱ्यांदा विचारलं. ऐकू आलं होतं, पण तरी विचारलं.

गुरुवार, १२ मार्च

बोडिल घरी आहे. तपासणीचा निकाल पुढच्या आठवड्यात. तोवर धड बसवत नाही की उभं राहवत नाही.

आस्टाबाईंकडे जाऊन आलो. क्षमा मागितली. त्यांनी विचारलं, पेटीचं काय करणार? म्हटलं, सध्या प्रेबेन आणि गायकवृंदातले आणखी दोन म्हातारे येऊन बसतात आणि एकेक भोक धरतात. सगळेच हो म्हणणारे निघाले. बाई म्हणाल्या, मग टेबल गोल पाहिजे. त्या स्वतः माइकपुढे बसायला यायला तयार आहेत.

खिडकीबाहेर पाऊस आहे की नुसतं धुकं, ते उठून बघावं लागेल.

बोडिल आतून काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते कळलं नाही. जाऊन विचारतो.